साध्या जर्मन माणसांनी हिटलरला साथ का दिली?

चिंतामणी_सातारा
आमच्याकडे घरात, कट्ट्यावर, ऑफिसात कुठेही गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "या देशाला हिटलरच पाहिजे". बोलणारी माणसं चांगली असतात, कुणाच्या अडीअडचणीला धावून जाणारी, म्हणूनच मला जास्त अस्वस्थ व्हायला होतं. माझा प्रश्न हिटलरबद्दल नाही, त्याच्या खालच्या लाखो माणसांबद्दल आहे. शाळेत आपण व्हर्सायचा तह, बेकारी, हिटलर, युद्ध असं दोन पानांत उरकलं. पण पोस्टमन, शिक्षिका, बेकरीवाला, रेल्वेतला क्लार्क यांचं काय झालं? समोरच्या घरातलं कुटुंब सामान घेऊन पोलिसांबरोबर चाललंय आणि आपण खिडकीतून बघतोय, इथपर्यंत माणूस येतो कसा? घाबरून गप्प बसले हे उत्तर मला पटत नाही. कुणी नीट वाचलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

शिल्पा_ठाणे
एक गोष्ट आधी. जर्मनीने बहुमताने हिटलरला निवडून दिलं असं सगळे म्हणतात, पण मोकळ्या निवडणुकीत त्याला बहुमत कधीच मिळालं नाही. १९२८ ला २.६ टक्के, मंदी आल्यावर जुलै १९३२ ला ३७.३ आणि नोव्हेंबरमध्ये परत घसरून ३३.१. ३० जानेवारी १९३३ ला त्याला चान्सलर (सरकारप्रमुख) केलं ते राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग आणि त्यांच्या भोवतीच्या जुन्या प्रतिष्ठित मंडळींनी, त्यांना कम्युनिस्टांची धास्ती होती आणि वाटत होतं की याला आपण मुठीत ठेवू. मार्च १९३३ ची निवडणूक तर राइशस्टागची (संसदेची) इमारत जळाल्यानंतर, कम्युनिस्टांना धरून आत टाकत झाली, तरी ४३.९ च. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांनी तेव्हाही त्याला मत दिलं नव्हतं, आणि पुढे चार-पाच वर्षांत त्यातलेच कितीतरी जण मनापासून त्याच्या बाजूला गेले. चिंतामणी, तुमचा प्रश्न खरं तर या लोकांबद्दल आहे.

माझं मत स्पष्ट सांगते, त्यांना काहीतरी मिळत गेलं. १९३३ च्या सुरुवातीला साठ लाखांच्या आसपास बेकार होते, १९३७ मध्ये ते दहा लाखांच्या आत आले. (त्यात शस्त्रांवरचा खर्च होता, सक्तीची लष्करभरती होती, बायकांना आणि ज्यूंना नोकरीतून काढून आकड्यांतूनच वगळणं होतं, पण ज्याला काम लागलं तो हे बघत नाही.) लग्न करणाऱ्या जोडप्याला हजार मार्कांपर्यंत कर्ज, फर्निचर-भांडी घ्यायला कूपनच्या रूपात, आणि प्रत्येक मुलामागे पाव कर्ज माफ. अट काय, तर बायकोने नोकरी सोडायची. आणि "योग्य" वंशाचं असायचं. आता ज्या जोडप्याने त्या कूपनवर कपाट आणलं त्याला कुणी नाझी म्हणेल का, पण त्या अर्जावर सही करताना कुणाला हे मिळणार नाही हे त्याला माहीत होतं. मला सगळ्यात जास्त हेच खटकतं. एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यू अधिकारी, प्राध्यापक सरकारी नोकरीतून काढले, त्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या नाहीत, कुणीतरी त्यावर बसलं आणि त्याच्या घरी प्रमोशनचा आनंद झाला. डॉक्टर लोकांतले तर जवळपास निम्मे पक्षाचे सदस्य झाले.

प्रमोद_जो
शिल्पाताई, मुद्दा मान्य पण भीती अशी बाजूला सारू नका. डाखाऊची छळछावणी मार्च १९३३ मध्येच सुरू झाली, सत्तेत येऊन दोन महिनेही झाले नव्हते, आणि आत टाकले ते कम्युनिस्ट, समाजवादी, युनियनवाले, म्हणजे लढायची सवय असलेलेच. संघटनाच मोडल्यावर एकटा माणूस काय करणार?

शिल्पा_ठाणे
@प्रमोद विरोधकांना भीती होती आणि ती खरीच होती, त्यात वाद नाही. पण बाकीच्यांचं बघा. एसेन शहराची वस्ती साडेसहा लाखांच्या घरात आणि तिथले गेस्टापोचे, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांचे, लोक ४३. एवढ्या माणसांत घराघरात कान लावणं शक्यच नाही. वुर्त्सबुर्ग, ड्युसेलडॉर्फकडच्या गेस्टापोच्या फायली शिल्लक राहिल्या, त्या तपासल्यावर दिसलं की कितीतरी प्रकरणं सामान्य लोकांनी आपणहून दिलेल्या खबरीवरून सुरू झाली होती. शेजाऱ्याशी भांडण, घरमालक-भाडेकरूचा वाद, नवऱ्यापासून सुटका हवी, धंद्यातली चुरस. कुणी परदेशी रेडिओ ऐकतो, कुणी ज्यू बाईला भेटतो, एवढं कळवलं की काम झालं. पोलिसांना लोक लागत होते आणि लोकांनाही पोलीस आपल्या कामाला वापरता येत होते.

एल्बेकाठी
मी गेली बरीच वर्षं हॅम्बुर्गमध्ये राहतोय म्हणून इथलं सांगतो. फुटपाथवर जागोजागी दहा सेंटिमीटरचे छोटे पितळी चौकोन बसवलेत, "इथे राहत होते" आणि खाली नाव, जन्मवर्ष, कधी नेलं, कुठे मारलं. इथून ज्यूंची पहिली मोठी रवानगी २५ ऑक्टोबर १९४१ ची, हजारावर माणसं, डामटोर स्टेशनजवळच्या मैदानाच्या बाजूला जमवून पोलंडमधल्या लोद्झला पाठवली. भर शहरात, दडवून नाही.

मग त्यांच्या घरातल्या सामानाचं काय झालं तर जाहीर लिलाव. पेपरात जाहिरात यायची, लोक जाऊन बोली लावायचे. पलंग, चादरी, शिलाई मशीन, पोरांचे कपडेसुद्धा. पुढे हॉलंडमधल्या ज्यूंच्या घरातलं फर्निचर बोटी भरभरून इथल्या बंदरात यायला लागलं, आणि १९४३ च्या बॉम्बिंगमध्ये ज्यांची घरं गेली त्यांना तर ते हवंच होतं. फेडेल म्हणून बंदराजवळची कामगार वस्ती आहे, तिथल्या एका ग्रंथपाल बाईंची आठवण नोंदलेली आहे की तिथल्या साध्या घरच्या बायका अचानक फरचे कोट घालायला लागल्या, कॉफी आणि दागिन्यांचा व्यवहार करायला लागल्या, घरात जुनं भारी फर्निचर आणि गालिचे आले. गरीब बायका होत्या हो त्या, आयुष्यभर काटकसर केलेल्या. ज्या बाईने असा कोट अंगावर घेतला तिला त्याची मालकीण परत आलेली चालणार होती का? मला वाटतं शिल्पा म्हणतात ते "मिळणं" इथे पूर्ण झालं, आधी सरकार देत होतं म्हणून पाठिंबा, आणि मग घेतलेलं पचवायचं म्हणून गुन्ह्यालाही पाठिंबा.

चिंतामणी_सातारा
एल्बेकाठी, पोरांच्या कपड्यांचं वाचून थोडा वेळ पुढे वाचवेना. पण एक विचारतो, सामान विकत घेणं आणि स्वतः गोळी घालणं यात फरक आहे ना? गोळ्या घालणारे तरी कट्टर असतील. आणि नकार दिला असता तर त्यांनाच मारलं असतं, हे खरं का?

प्रमोद_जो
भीतीचा मुद्दा मीच काढला होता पण इथे तो टिकत नाही हे मला सांगितलंच पाहिजे. पोलंडमध्ये ज्यूंना गोळ्या घालणारी राखीव पोलीस बटालियन १०१ घ्या, बहुतेक सगळे याच हॅम्बुर्गचे. गोदी कामगार, ट्रक ड्रायव्हर, गोदामातले, क्लार्क, सरासरी वय ३९, म्हणजे नाझी शाळेत वाढलेले नाहीत, चांगले बायकापोरंवाले. १३ जुलै १९४२ ला पोलंडमध्ये यूझेफूफ गावी त्यांचा मेजर ट्राप रडवेला होऊन त्यांना काम सांगतो, गावातल्या ज्यू बायका, मुलं, म्हातारे सगळ्यांना गोळ्या घालायच्या, आणि म्हणतो की वयाने मोठ्या माणसांपैकी ज्याला झेपणार नाही त्याने बाजूला व्हावं. पाचशेच्या आसपास माणसांतून डझनभर पुढे आले. त्यांना काहीही मोठी शिक्षा झाली नाही. काही जण नंतर, कामाला सुरुवात झाल्यावर, मागे सरले, बाकीच्यांनी संध्याकाळपर्यंत दीड हजार माणसं मारली.

युद्धानंतरच्या खटल्यांत बचावाचे वकील जीव तोडून शोधत होते, पण निःशस्त्र माणसांना मारायला नकार दिला म्हणून कुणाला ठार केलं असं एकही प्रकरण त्यांना दाखवता आलं नाही. मग का केलं? जे बाजूला झाले त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी "मी कमकुवत आहे" असं कारण दिलं, "हे चूक आहे" असं नाही. सोबत्यांनी घाण काम करायचं आणि आपण अंग काढून घ्यायचं याची लाज त्यांना वाटत होती. समोरच्या बाईची नाही वाटली, सोबत्याची वाटली. माझ्या डोक्यातून हे जात नाही. या बटालियनने पुढे किमान ३८,००० माणसं गोळ्या घालून मारली आणि ४५,००० जणांना त्रेब्लिंका या मृत्युछावणीच्या गाड्यांत चढवलं.

शिल्पा_ठाणे
आणि लोक बोलले तेव्हा सरकार मागे सरलं याचीही उदाहरणं आहेत. मनोरुग्ण आणि अपंगांना मारायची मोहीम चालू होती, ७०,००० च्या आसपास मारले होते, ऑगस्ट १९४१ मध्ये म्युन्स्टरच्या बिशप गालेनने भर चर्चमध्ये त्याविरुद्ध प्रवचन दिलं, त्याच महिन्यात हिटलरने ती थांबवायचा हुकूम दिला (नंतर गुपचूप चालूच राहिली). बिशपला हात लावला नाही. फेब्रुवारी-मार्च १९४३ मध्ये बर्लिनला रोझेनश्ट्रासे रस्त्यावर ज्यू नवऱ्यांना पकडलं म्हणून त्यांच्या जर्मन बायका दिवसेंदिवस उभ्या राहिल्या, नवरे सुटले. सुटका त्यांच्यामुळेच झाली का यावर इतिहासकारांत वाद आहे, पण त्यांच्यावर गोळ्या चालल्या नाहीत हे नक्की. मात्र हेही बघा की मनोरुग्ण जर्मन घरांतले होते आणि नवरे स्वतःचे होते. त्याच आठवड्यात बर्लिनमधून हजारो ज्यूंना ऑशविट्झच्या मृत्युछावणीत नेलं, त्यांच्यासाठी अशी गर्दी कुठेच जमली नाही.

एल्बेकाठी
युद्धानंतरचंही सांगून टाकतो. अमेरिकनांनी जर्मनीतल्या त्यांच्या ताब्यातल्या भागात १९४५-४६ मध्ये वारंवार सर्व्हे घेतले, नाझीवाद मुळात चांगली कल्पना होती पण राबवली वाईट, असं म्हणणारे सरासरी जवळपास निम्मे निघाले. तोवर छावण्यांचे फोटो, फिल्म सगळ्यांना दाखवून झाल्या होत्या.