भर पावसात किनाऱ्याने, गाडीतच मुक्काम आणि सोबत कुत्रं: अनुभव लिहा

मंडळी, पावसाळ्यात कोकण किनाऱ्याने गाडीतच झोपत-जेवत फिरणारे आपल्या ठाणे-नवी मुंबईत बरेच निघाले. कुत्रं सोबत नेलेल्यांनी तर लिहाच. हॉटेलांची यादी नको, फजिती चालेल. सुरुवात मीच करते.

आमची जुनी ओम्नी. मागची सीट काढून फळी, फळीवर गादी, गादीवर बंड्या. आम्ही दोघं उरलेल्या जागेत. घोडबंदर रोडवरून निघालो ते वडखळ, रेवदंडा, काशीद करत आगरदांड्याला. तिथून दिघीची फेरीबोट. चाक रॅम्पवर चढलं, लोखंड खडखडलं आणि बंड्या थेट नवऱ्याच्या मांडीवर. ब्रेक कुठे, शेपूट कुठे! जेट्टीवरचा पोऱ्या ओरडला, "ताई, त्याला मागे ओढा, नाहीतर सगळेच खाडीत!"

दिवेआगरला रात्रभर कोसळत होता. पत्र्यावर सर वाजली की बंड्या उठून अंग झाडणार, कोरडं राहिलेलं तेवढंच भिजणार. टर्किश टॉवेल तीन दिवस वाळले नाहीत. पुढच्या खेपेला जुने पंचे नेले, नऊ. तेही पुरले नाहीत.

ऐरोलीहून:
वाळूवर गाडी उतरवली, एवढं सांगितलं की पुढचं जाणकारांना कळलंच असेल. दुपारी दीडला पोचलो, समोर भरपूर किनारा मोकळा. चहा ठेवला. आमची शेरी पाण्याकडे तोंड करून भुंकत सुटली, तर आम्ही तिलाच दामटलं. पाणी टायरला लागलं तोवर मागची चाकं रुतली होती. शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली. ट्रॅक्टर ज्यांचा, त्या सुपारीच्या वाडीवाल्या आजोबांनी फुकट शिकवणीही घेतली: "तिथीची पाऊणपट करायची. आज पंचमी, म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती. अष्टमी असती तर सहाला. शाळेत पाऊणकी केली नव्हती का?" नव्हती केली. आता निघण्याआधी कालनिर्णय बघतो, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला किनाऱ्याजवळ मुक्कामच टाकत नाही. शेरी भुंकली की गाडी हलवतो, हे वेगळं सांगायला नको.

कोपरखैरण्याहून:
पंच्यांचं शंभर टक्के खरं. आम्ही धोतरं फाडून नेली.

नेरुळहून:
माझ्याकडे फजिती नाही, एक सांगणं आहे. आमच्या कुत्रीच्या लेप्टोच्या लशीला वर्ष उलटून गेलं होतं. डॉक्टर चिडलेच. उंदराचं मूत साचलेल्या पाण्यात मिसळतं, कुत्रं त्यात पाय घालतं, तेच पाणी पितं, आणि त्याच्यापासून तो आजार आपल्यालाही होऊ शकतो. सहल पुढे ढकलली, लस टोचूनच निघालो. गोचिडींना मात्र लशीचं काही पडलेलं नसतं. परतल्यावर एका कानातून अकरा काढल्या.

कळव्याहून:
1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यामुळे ताज्या म्हावऱ्याचं नाव नको. मुरूडला अर्धा किलो सुके बोंबील घेतले, पिशवी सीटखाली ठेवली आणि वडापाव आणायला उतरलो. दहा मिनिटांत पिशवी रिकामी, भुऱ्या शांत झोपलेला. पेणपासून त्याचं पोट बोलायला लागलं. पनवेल येईपर्यंत चारही काचा खाली, आणि बाहेर मुसळधार.