शेवंतीची वाढ जोमदार, परंतु कळ्या धरत नाहीत

हिरवीगच्ची:
माझ्याकडे कुंडीत लावलेली पांढरी शेवंती आहे. पाने गर्द हिरवी असून फुटवेही भरपूर आहेत. मात्र दिवस लहान होऊ लागले तरी तिला कळ्या आलेल्या नाहीत. एका फांदीच्या टोकाला मण्याएवढी कळी दिसली होती, पण ती तशीच थांबली, तिच्याभोवतीची पाने अरुंद, पट्टीसारखी झाली आणि तिच्या खालून नवे फुटवे निघाले. कुंडीला ऊन पुरेसे मिळते. फुलांसाठी खत बदलावे, की आणखी काही कारण असावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

फुलवेडा:
आपण त्या थांबलेल्या कळीचे वर्णन केले ते फार बरे झाले, कारण निदान तिथेच आहे. शेंडा कळी धरू लागतो आणि मध्येच त्याला पुरेशी मोठी रात्र मिळेनाशी होते, तेव्हा कळी खुंटते, भोवती पट्टीसारखी पाने येतात आणि खालचे डोळे फुटून झाड पुन्हा पालेवाढीला लागते. शेवंतीच्या बहुतेक जाती लहान दिवसाच्या आहेत, म्हणजे खरे तर मोठ्या रात्रीच्या. सलग १२ ते १३ तासांचा अंधार मिळाला की त्या कळीकडे वळतात. इथे ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पानांतील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य प्रकाशाची, विशेषतः लाल प्रकाशाची, नोंद घेते आणि मध्यरात्री काही वेळ दिवा लागला तरी झाडाच्या लेखी त्या एका मोठ्या रात्रीच्या दोन लहान रात्री होतात. व्यावसायिक उत्पादक याच गुणाचा उपयोग करून घेतात: दांडे उंच होईपर्यंत रात्री दिवे लावून फुलणे लांबवतात आणि फुले हवी असतील तेव्हा काळे कापड ओढून रात्र वाढवतात. तेव्हा कुंडीवर रात्री कोणता प्रकाश पडतो, हे आधी पाहावे.

हिरवीगच्ची:
मनःपूर्वक आभार. कुंडीच्या अगदी वर भिंतीवर दिवा आहे आणि तो रात्री उशिरापर्यंत चालू असतो. प्रकाश केवळ शेंड्यांवर पडतो, असे धरून खालच्या बाजूला आडोसा केला तर चालेल का?

मातीवाचक:
तेवढ्याने भागणार नाही, कारण वरच्या पानांवर दिव्याचा प्रकाश पडतच राहील. रात्रीची लांबी शेंडा नव्हे, तर पाने ओळखतात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी शेवंतीवरच प्रयोग करून हे दाखवले होते: वरच्या भागातील पाने काढून केवळ खालच्या पानांना लहान दिवस दिला, तरी वरचा शेंडा फुलला. पानांतून शेंड्याकडे जाणाऱ्या त्या संदेशाला त्यांनी १९३७ मध्ये ‘फ्लोरिजेन’ असे नाव दिले. म्हणून शक्य असल्यास कुंडी रात्री पूर्ण अंधार असलेल्या जागी हलवावी. ते जमत नसेल, तर संध्याकाळी सहाच्या सुमारास संपूर्ण झाड जाड काळ्या कापडाने झाकावे आणि सकाळी सातला उघडावे. कापड पानांना चिकटू नये म्हणून काठ्यांचा सांगाडा करावा आणि आत उष्णता कोंडू देऊ नये, कारण उकाड्यानेही कळी लांबते. कळ्यांच्या पाकळ्यांचा रंग दिसू लागेपर्यंत एकही रात्र चुकवू नये. अंधार नियमित मिळू लागल्यापासून फुले उमलायला जातीनुसार साधारण ६ ते १५ आठवडे लागतात, त्यामुळे लगेच निराश होऊ नये.

कलमकर्ती:
वरील उत्तरांशी मी सहमत आहे. केवळ खताविषयी थोडे लिहिते. नत्र अधिक झाल्यास फुटवे लुसलुशीत होऊन मावा चटकन लागतो, म्हणून ते सध्या हात राखून द्यावे; मात्र कळ्या न येण्याचे मूळ कारण खत नव्हे. आता शेंडे खुडणेही थांबवावे, कारण खुडलेल्या फांदीला नवा फुटवा काढून मगच कळी धरावी लागते. त्या अडलेल्या कळीच्या खालून आलेले फुटवे तसेच ठेवावेत, अंधार मिळाल्यावर त्यांच्याच टोकांना कळ्या येतील. मोठे फूल हवे असेल तर प्रत्येक दांड्यावरची मधली कळी राखून बाजूच्या कळ्या मोहरीएवढ्या असतानाच काढाव्यात. घोसाने फुलणारी जात असेल तर त्यांना हात लावू नये. बहर संपल्यावर दांडे जमिनीलगत छाटावेत आणि बुंध्यातून निघणाऱ्या काश्या (नवे धुमारे) मुळांसह वेगळ्या करून नव्या मातीत लावाव्यात. जुन्या झाडाला पुढच्या हंगामात तशी फुले येत नाहीत.