मदत हवी आहे : मज्जारज्जूच्या विद्युत-उद्दीपनाची चाचणी यशस्वी झाली, हे कशावरून ठरवावे?

नमस्कार.

माझ्या थोरल्या बहिणीच्या कमरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली असून नसेवरचा दाब गेल्याचे एमआरआयमध्ये स्पष्ट दिसते. डाव्या पायातली कळ मात्र गेलेली नाही. पोटरीच्या बाहेरच्या अंगाने घोट्यापर्यंत सतत आग होते, मध्येच झटका बसावा तशी चमक निघते, आणि चादर नुसती चाटून गेली तरी सहन होत नाही म्हणून ताई तो पाय पांघरुणाबाहेर ठेवूनच झोपते. प्रीगाबालिन आणि ड्युलोक्सेटिन या औषधांनी थोडा उतार पडतो, परंतु मात्रा वाढवली की गुंगी येते आणि तोल जातो. त्वचेवर पॅड चिकटवून वापरायचे टेन्स यंत्रही वापरून झाले; ते चालू असेपर्यंत बरे वाटते, बंद केले की दुखणे पूर्ववत.

आता वेदनातज्ज्ञांनी स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर सुचवला आहे. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या जागेत सुईवाटे बारीक तारा सरकवून त्यांतून विजेचे सौम्य स्पंद सोडायचे, यंत्र सुमारे आठवडाभर शरीराबाहेरच ठेवायचे, आणि दुखणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाले तरच ते कायमचे त्वचेखाली बसवायचे, अशी ही पद्धत आहे. यामागची मूळ कल्पना मेल्झॅक आणि वॉल या वेदना-संशोधकांनी १९६५ साली मांडलेल्या ‘गेट’ सिद्धान्तातून आली (स्पर्शाचे संदेश वाहणारे जाड तंतू उत्तेजित केले की वेदनेच्या संदेशांची वाट मज्जारज्जूतच अडते) आणि १९६७ साली शीली या मेंदूशल्यविशारदांनी रुग्णावर तिचा पहिला प्रयोग केला, इथपर्यंत मी वाचले आहे. दहा हजार हर्ट्झचे (सेकंदाला दहा हजार स्पंद सोडणारे) नवे यंत्र नेहमीच्या यंत्रासारख्या पायात मुंग्या न आणता काम करते, त्याचा उलगडा मात्र या सिद्धान्ताने नीट होत नाही.

माझी अडचण त्या ‘निम्म्याने’ या मोजमापाची आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोसेस’ या अभ्यासात शंभर रुग्ण होते. सहा महिन्यांनंतर पायाचे दुखणे निम्म्याने तरी कमी झाल्याचे यंत्र बसवलेल्यांपैकी ४८ टक्के, तर केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ९ टक्के रुग्णांनी सांगितले. फरक मोठा आहे, पण कोणाला यंत्र बसवले आहे हे सर्वांना ठाऊक होते. याउलट २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील अभ्यासात, ताईसारख्याच ५० रुग्णांमध्ये, यंत्र चालू असताना आणि रुग्णाच्या नकळत बंद ठेवलेले असताना लक्षणीय फरक आढळला नाही. आणि मला विचारात पाडणारी गोष्ट अशी की या सर्व रुग्णांची सुरुवातीची चाचणी यशस्वी ठरलेली होती. इतक्या वर्षांच्या दुखण्यानंतर आशेने भारलेला माणूस वेदनेला दहापैकी गुण देताना आठवडाभर ‘आठाऐवजी चार’ असे सहज सांगू शकतो, आणि तेही अगदी प्रामाणिकपणे.

म्हणून ज्यांनी ही चाचणी करून घेतली आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी कृपया सांगावे : त्या आठवड्यात आकड्याव्यतिरिक्त कशाची नोंद ठेवावी? तारा सरकू नयेत म्हणून वाकणे, पिळणे, वजन उचलणे वर्ज्य असते. मग हालचाल सुधारली की नाही, हे कशावरून कळणार? चुंबकीय पट्टे आणि तेलांची शिफारस कृपया नको. ती यादी आमच्याकडे आधीच लांबलचक आहे.

प्रतिसाद :
मला हे यंत्र बसवलेले आहे. चाचणीच्या आधीच डॉक्टरांसमोर दोन-तीन कामे ठरवून घ्या, जी वाकल्याशिवाय करता येतात : सलग किती वेळ बसता येते, न थांबता किती चालता येते, रात्री किती वेळा जाग येते. ही नोंद चाचणीपूर्वीही ठेवा, नाहीतर तुलना करायला काही उरत नाही. चाचणीदरम्यान औषधांची मात्रा शक्यतो बदलू नये. तारा काढल्यानंतर कळ केव्हा आणि कशी परतली, तेही लिहून ठेवा; माझ्या निर्णयात त्याच नोंदीचा वाटा सर्वांत मोठा होता. नॉर्वेच्या अभ्यासातली स्पंदांची मांडणी प्रचलित पद्धतीहून वेगळी होती, असा आक्षेप अनेक तज्ज्ञांनी घेतला आहे. पण तुमचा मूळ प्रश्न त्याने निकाली निघत नाही. शिवाय पुढे एमआरआय करता येईल असेच यंत्र आहे ना, हे लेखी विचारा. तार सरकणे, जंतुसंसर्ग, काही वर्षांनी परिणाम ओसरणे, या गोष्टी घडतात. फिजिओथेरपीतली डायथर्मी (विद्युत-लहरींनी खोलवर दिला जाणारा शेक) मात्र यंत्र बसवल्यावर कायमची वर्ज्य.

धागालेखिका :
मनःपूर्वक आभार. आधीची नोंद आजपासूनच सुरू करते. एक उपप्रश्न आहे. यंत्राची बॅटरी असलेली पेटी नितंबाच्या वरच्या भागात त्वचेखाली बसवणार, असे डॉक्टर म्हणाले. ताई त्याच कुशीवर झोपते. पोटावर बसवून घेण्याचा पर्याय कोणी निवडला आहे का, आणि चार्जिंगच्या दृष्टीने तो सोयीचा पडतो का?