मदत हवी आहे: ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधला उजेड झाडीबोलीत कसा आणायचा?

नमस्कार मंडळी. झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) मंडपासाठी तिथल्या झाडीबोलीत या नाटकाचं रूपांतर चालू आहे. कथा सहज बसते, अडतात त्या प्रेमाच्या प्रतिमा.

दुसऱ्या अंकातल्या सज्जाच्या प्रवेशात रोमिओ ज्युलिएटला सूर्य म्हणतो. वैशाखात हे कोणी ऐकून घेणार नाही, पण प्रयोग धानकापणीनंतरच्या थंडीत असतात, तेव्हा सकाळचं कोवळं ऊन चालून जावं. चंद्राची शपथ ती नाकारते, कारण तो महिनाभर बदलत राहतो. हे जसंच्या तसं ठेवलंय.

खरी अडचण तिसऱ्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात. पहाटे पाखरू ओरडतं. ती म्हणते रात्रीचं, तो म्हणतो सकाळचं. सकाळचं असेल तर त्याला गाव सोडावंच लागेल, नाहीतर जीव जाईल. सकाळसाठी चंडोल आहे. रात्रीचं पाखरू मुळात नाइटिंगेल; त्याच्यासाठी बुलबुल लिहिलं की प्रसंगच पडतो, कारण आपला बुलबुल दिवसा गातो. रातवा रात्रीचा खरा, पण त्याचा ‘चक-चक-चक’ प्रेमिकांना गोड वाटेल का? की पावशा घ्यावा? पण तो पावसाळ्याच्या तोंडावरचा.

दुसरं, प्रकाशाचं. हे प्रेम अंधारातच खुलतं, दिवस उजाडला की घात. हॅलोजनने सगळा मंच सारखाच पांढरा पडला तर शेवटी थडगं तिच्या रूपाने उजळल्याचं वाक्य पोकळ वाटतं. दोन डिमर (उजेड कमी-जास्त करणारी बटणं) आणि एका पिवळ्या दिव्यात हे कसं साधेल?

झाडीबोलीत रातव्याला तुमच्या गावात काय म्हणतात, तेही सांगा.