मर्ल ओबेरॉन 'आपली मुंबईची' म्हणून सांगावी का?

कोथरूडचा_प्रोजेक्टरवाला
आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा जुना इंग्रजी सिनेमा लावतो, बहुतेक ज्येष्ठ मंडळीच येतात. यावेळी १९३९ चा 'वुदरिंग हाइट्स' ठरलाय आणि आधी दहा मिनिटं हिरॉइनबद्दल बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. आता ही मर्ल ओबेरॉन, जन्म मुंबईचा, १९११ सालचा, घरी सगळे क्वीनी म्हणायचे, मग कलकत्त्यात वाढली, तिथून इंग्लंड आणि पुढे हॉलिवूड, आणि जगाला मात्र शेवटपर्यंत सांगितलं की मी टास्मानियाची! १९३५ च्या 'द डार्क एंजल'साठी ऑस्कर नॉमिनेशन पण होतं. झालं, ग्रुपवर एका काकांनी लगेच 'आपली मुंबईची पोरगी ऑस्करपर्यंत' असा मेसेज फिरवला. त्यावर एक काकू भडकल्या, जी बाई स्वतःच्या आईला लोकांसमोर मोलकरीण म्हणून उभी करते तिचं कौतुक कसलं म्हणे. मला दोन्ही पटत नाहीये पण मग बोलू काय?

विन्या_कॅम्प
काकूंना विचार की खरं सांगितलं असतं तर पुढे काय झालं असतं. अमेरिकेत १९२३ ला सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद केसमधे सांगून टाकलं होतं की हिंदुस्थानी माणूस कायद्याने 'गोरा' नाही म्हणून त्याला नागरिकत्व नाही, ते दार उघडलं थेट १९४६ ला. त्यात स्टुडिओंची सेन्सॉर नियमावली, १९३४ पासून कडक, गोऱ्या-काळ्यांचा रोमान्स पडद्यावर चालणार नाही. नियमात लिहिलं होतं काळ्यांबद्दल पण स्टुडिओवाले तोच हिशोब आशियाई लोकांना लावायचे. अ‍ॅना मे वाँग बघ, चिनी वंशाची, लॉस एंजलिसमधेच जन्मलेली, नावाजलेली नटी, पण 'द गुड अर्थ'मधली चिनी शेतकरणीची मुख्य भूमिका तिला नाही मिळाली कारण नवऱ्याच्या भूमिकेत गोरा नट होता. ती गेली लुइसा रायनरला, आणि रायनरने त्यावर ऑस्कर नेलं.

आणि आणखी एक. मर्लला स्टार केलं इंग्लंडमधला निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डाने, १९३३ च्या 'हेन्री द एट्थ'मधे राणी अ‍ॅन बोलिनची छोटीशी भूमिका दिली तिथून, पुढे लग्नही केलं. याच कोर्डाच्या कंपनीने म्हैसूरच्या माहुताचा पोरगा साबू शोधून आणला आणि त्याला हिंदुस्थानी म्हणूनच जोरात खपवला. हत्तीवर बसणारा पोरगा हिंदुस्थानी असलेला चालतो, चुंबन घेणारी हिरॉइन चालत नाही. एवढं सांगितलंस तरी पुरे.

लाइटवाली_मुक्ता
मी कॅमेरा डिपार्टमेंटमधे आहे म्हणून माझ्या कामाचं सांगते. १९३७ ला लंडनमधे तिच्या गाडीला अपघात झाला, चेहऱ्याला जखमा, तिचा 'आय, क्लॉडियस' अर्धवट राहिला तो कायमचाच. पुढे 'द लॉजर'च्या वेळी, १९४४ चा, कॅमेरामन लुसियन बॅलार्डने लेन्सच्या अगदी जवळ एक छोटा दिवा लावला. प्रकाश जवळजवळ लेन्सच्याच रेषेत येतो म्हणून व्रणाची किंवा सुरकुतीची सावली कॅमेऱ्याला दिसतच नाही, शिवाय डोळ्यात चमक येते ती वेगळी. तिच्या नावावरून त्याला ओबी लाइट म्हणतात, आम्ही अजून वापरतो. पुढे १९४५ ला बॅलार्डशी तिने लग्न केलं 😄 तर लपवालपवी म्हणून नुसतं नाक मुरडू नका, त्यातला एक तुकडा धंद्याच्या कामी आलाय.

शनिवारपेठी
मुळात 'आपली' म्हणायची घाई कशाला? तिला नको होतं, विषय संपला. आपली म्हणायचीच हौस असेल तर रूबी मायर्स घ्या, मूकपटांची सुलोचना (सुलोचनादीदी नव्हेत, त्या वेगळ्या). जन्म पुण्याचा, बगदादी ज्यू घराणं, आधी टेलिफोन ऑपरेटर, मग त्या काळातली सगळ्यात मोठी स्टार, १९७३ चं फाळके पारितोषिकसुद्धा तिला. तिकडे क्वीनीने हिंदुस्थानी असणं लपवलं आणि इकडे रूबीला पडद्यावर हिंदू नाव घ्यावं लागलं, प्रेक्षकाला जे पाहिजे ते नाव लावा. पण तुमच्या सोसायटीत तिचा फोटो दाखवून किती जण ओळखतील? पुण्यात राहून!

कोथरूडचा_प्रोजेक्टरवाला
शनिवारपेठी, टोमणा पोचला, पुढच्या महिन्यात सुलोचना घेतो, प्रिंट कुठे मिळते तेवढं सांगा. विन्या, साबूचं नक्की घेतोय. पण आईचं काय, काकू तोच प्रश्न पहिला विचारणार.

विन्या_कॅम्प
आईचं गोड करून सांगू नकोस. सांभाळणारी आई शार्लट, सिलोनकडची, सावळी, लंडनच्या घरात पाहुण्यांपुढे मोलकरीणच, आणि १९३७ ला ती गेली. नंतर मर्लने तिचं चित्र काढून घेतलं तर तेही रंग उजळ करून. हे वाईट आहे, मला स्वतःला हेच सगळ्यात लागतं. फक्त हेही सांग की शार्लट मुळात आजी होती, खरी आई तिची मुलगी कॉन्स्टन्स, मर्लला जन्म दिला तेव्हा ती स्वतःच लहान पोर होती, आणि जगाला दोघी बहिणी म्हणून दाखवलं. म्हणजे खोटं बोलायला हॉलिवूडने नाही शिकवलं, ते मुंबईच्या घरातूनच बरोबर गेलं होतं.

लाइटवाली_मुक्ता
आणि सिनेमा लागल्यावर एक बघायला सांगा. सिनेमाचा हिरो हीथक्लिफ म्हणजे कुठून आला माहीत नाही असा काळासावळा पोरगा, हिरॉइन कॅथी त्याला म्हणते तुझी आई हिंदुस्थानची राणी असेल. तो हीथक्लिफ लॉरेन्स ऑलिव्हिए, अस्सल इंग्रज, आणि समोर गोरीपान कॅथी म्हणून कोण उभी आहे ते आता तुम्हाला माहितीये. मी तर हे सिनेमाआधी सांगणारच नाही, इंटरव्हलला सांगेन.

शनिवारपेठी
इंटरव्हलला चहा असतो, कोणी ऐकत नाही. आधीच सांगा. सुलोचनाच्या मूकपटांच्या प्रिंट जवळपास सगळ्या गेल्यात, फिल्म अर्काइव्हमधे विचारून बघा, लॉ कॉलेज रोडवरच आहे, लांब नाही.