जनुक बदलणं वेगळं, मोजणं वेगळं

‘जीन एक्स्प्रेशनवाला मासा म्हणजे जनुकं बदललेला मासा, तो ताटात नको’ असं कुणी म्हणतं, त्यात गल्लत आहे. जीन एक्स्प्रेशनच्या तपासणीत माशाचं जनुक कुणी बदलत नाही. कुठलं जनुक त्या घडीला किती काम करतंय, ते आरएनएवरून (जनुक काम करताना पेशीत बनणारी त्याची नक्कल) मोजतात, बस. जयंती रोहू ही रोहू माशाची सुधारित जात, तीसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या चांगले वाढणारे मासे निवडूनच तयार झालीय.

या मोजण्यातली खरी अडचण तळ्याकाठी असते, आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही. भाची बडोद्यात एमएस्सीला होती तेव्हा वाघोडियाकडच्या एका तळ्यावर मी तिची बर्फाची पेटी धरायला गेलो होतो (पगार: एक चहा). उन्हाने रोहूवर किती ताण येतो ते बघायचं होतं, म्हणजे ताण आला की जास्त काम करणारी एचएसपी७० सारखी जनुकं मोजायची. जाळं ओढलं, वीसेक मासे बादल्यांत टाकले आणि एकेक कापत बसलो. शेवटच्याची पाळी येईपर्यंत तासभर गेला. निकालात बादलीत जास्त वेळ राहिलेल्यांचे आकडे चढे! ऊन राहिलं बाजूला, आम्ही आमचीच धांदल मोजली होती. पुढच्या खेपेला दोन-दोनच मासे काढले, लवंगेच्या तेलाच्या पाण्यात गुंगवले आणि यकृताचा मुगाएवढा तुकडा लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाकला, कारण आरएनए फार लवकर नासतो. तेव्हा कुणी असे आकडे दाखवून माशांचं खाद्य विकायला आलं, तर आधी विचारा: मासा तळ्यातून काढल्यावर किती वेळाने कापला?