जॅझ वादकांची चरित्रं-आत्मचरित्रं सुचवा (ज्यात रियाज आहे अशी!)

मंडळी, मदत हवी आहे.

माझी भाची दीड वर्षापासून सॅक्सोफोन शिकते आहे. नुकतीच अकरावीत गेली. तिच्या वाजवण्यावरून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनदा तक्रार झाली आहे, म्हणजे प्रगती बरी चालली असावी. मी ख्याल ऐकत वाढलेला माणूस. जॅझ कानावर पडू लागलं ते तिच्यामुळे. त्यातलं तंत्र डोक्यावरून जातं, म्हणून पुस्तकांच्या वाटेने आत शिरायचं ठरवलं. तीन आत्मचरित्रं वाचून झाली आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडखळलो.

आपल्याकडच्या गवयाचं चरित्र उघडा. गुरूच्या घरी पाणी भरणं, पहाटेचा खर्ज, सहा-सहा महिने एकच पलटा. कधी कधी इतकं, की वाचणाऱ्याचाच घसा बसावा. या पुस्तकांत मात्र गरिबी, तुरुंग, हेरॉइन, पैसे बुडवणारे मॅनेजर, आणि अचानक माणूस स्टेजवर उभा राहून भल्याभल्यांना गार करतो. मधली वर्षं गेली कुठे?

लुई आर्मस्ट्राँगचं 'सॅचमो' (१९५४) फार गोड आहे. नववर्षाच्या रात्री हवेत पिस्तूल झाडल्याबद्दल पोरगा सुधारगृहात जातो आणि तिथे त्याच्या हाती कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच फुंकायचं पितळी वाद्य) येतं, हा भाग मी भाचीला मोठ्याने वाचून दाखवला. पण १९२२ मध्ये तो किंग ऑलिव्हरच्या बँडसाठी शिकागोला पोचतो, आणि पुस्तक संपतं! खरी मजा सुरू व्हायची तिथेच पडदा.

बिली हॉलिडेचं 'लेडी सिंग्ज द ब्लूज' (१९५६) एका बैठकीत वाचलं आणि दोन दिवस सुन्न होतो. नंतर कळलं की शब्दांकन विल्यम डफ्टी या पत्रकाराचं, आणि बरेच तपशील चुकीचे. जन्मगावसुद्धा! पुस्तकात बाल्टिमोर, प्रत्यक्षात फिलाडेल्फिया.

माइल्स डेव्हिसच्या आत्मचरित्रात (१९८९) थोडं हाती लागलं. १९४४ ला वडिलांच्या पैशांवर तो न्यूयॉर्कला ज्युलियार्डमध्ये शिकायला येतो आणि रात्री सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करला शोधत क्लब पालथे घालतो. लायब्ररीतून स्ट्रॅविन्स्की या संगीतकाराचे स्कोअर (छापील स्वरलिपी) आणून अभ्यासतो. हे मला हवं होतं. फक्त दर ओळीला एक शिवी आहे. ताईच्या देखत ते पुस्तक भाचीच्या हातात देण्याची माझी छाती नाही.

तर, जॅझवाले रियाज कसा करतात हे दिसेल असं पुस्तक आहे का? आत्मचरित्रांवर विश्वास किती ठेवायचा? आणि मुंबई-गोव्याच्या जॅझवाल्यांवर काही लिहिलं गेलंय का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कोमलरिषभ:
आत्मचरित्रं थोडी बाजूला ठेवा, चरित्रांकडे वळा. रॉबिन केली यांचं पियानोवाल्या थेलोनियस माँकवरचं पुस्तक (२००९) घ्या. लेखक इतिहासाचे प्राध्यापक, चौदा वर्षं त्यावर घालवलीत, माँकच्या घरच्यांनी दारं उघडून दिली. माँक म्हणजे चक्रम, लहरी, टोप्या घालून स्टेजवर गिरक्या घेणारा, ही जी प्रतिमा आहे ती या पुस्तकात पार गळून पडते. उरतो तो एकच चाल तासन् तास घोटणारा माणूस. १९५१ च्या अटकेनंतर त्याचं परवानापत्र गेलं. ते नसलं की न्यूयॉर्कच्या क्लबात वाजवता येत नसे. काही वर्षं घर बायकोच्या पगारावर चाललं. तो भाग वाचाच.
सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनसाठी लुइस पोर्टर यांचं चरित्र (१९९८). त्यात नोटेशन भरपूर आहे, तुम्ही पानं उलटाल, भाची थांबेल.

उगाचच_एक:
कोमलरिषभ, असहमत. तपशील तपासत बसलं की आत्मचरित्राची मजा जाते. सिडनी बेशेचं 'ट्रीट इट जेंटल' (१९६०, त्याच्या मृत्यूनंतर आलं) वाचा. त्यात आजोबांची गोष्ट आहे. अभ्यासक म्हणतात ती न्यू ऑर्लिन्सची जुनी दंतकथा, यानं आजोबांच्या नावावर खपवली. खपवू दे की! आपल्या घरांतून पणजोबांनी वाघ मारलेला असतोच.
चार्ल्स मिंगसचं 'बिनीथ द अंडरडॉग' (१९७१) मात्र भाचीपासून लांब ठेवा. संगीत कमी, बढाया आणि बायका जास्त. मला आवडलं ती गोष्ट वेगळी.
विश्वासाचाच प्रश्न असेल तर ट्रम्पेटवाल्या डिझी गिलेस्पीचं आत्मचरित्र (१९७९). त्याच्या आठवणींबरोबर जुन्या साथीदारांच्या मुलाखती छापल्यात. याने काही सांगावं आणि पुढच्या पानावर दुसऱ्याने वेगळंच म्हणावं, असा प्रकार आहे.

मांडवीकाठ:
मुंबई-गोव्यासाठी नरेश फर्नांडिस यांचं 'ताज महाल फॉक्सट्रॉट' (२०१२). एका माणसाचं चरित्र नाही, अख्ख्या मेळ्याचं आहे. १९३५ ला मुंबईच्या ताज हॉटेलात आलेला लिऑन ॲबीचा बँड, पियानोवाला टेडी वेदरफोर्ड, आणि त्यांचं ऐकून तयार झालेले आमचे गोंयकार: चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड. यातले कितीतरी पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. 'अलबेला'तली (१९५१) पितळी वाद्यं आठवा. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली पोरं होती ती, म्हणूनच सिनेमाला हवी होती. सिनेमाच्या बाजूसाठी ग्रेगरी बूथ यांचं 'बिहाइंड द कर्टन' (२००८).
आणि भाची सॅक्सोफोन वाजवते म्हणता, मग सनी रॉलिन्स कसा राहिला? एडन लेवी यांचं 'सॅक्सोफोन कलॉसस' (२०२२) जाडजूड आहे, पण तुमचा रियाज तिथेच सापडेल. १९५९ ला नाव ऐन भरात असताना या माणसाने कार्यक्रम बंद केले. घरी वाजवलं तर शेजाऱ्यांना त्रास, म्हणून दोनेक वर्षं विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन वाजवत राहिला. खालून बोटी, शेजारून आगगाडी, थंडीतही. पुढे साठच्या दशकात हाच माणूस आपल्या पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता. १९७८ च्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात मुंबईत वाजवूनही गेला.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. माँक आणि रॉलिन्स मागवलेत, बेशे मित्राकडे निघालं. पोर्टरचं पुस्तक पुण्यात कुणाकडे असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कव्हर घालून परत करीन.
पुलाची गोष्ट भाचीला सांगितली ही मात्र चूक झाली. म्हात्रे पुलावर संध्याकाळी किती गर्दी असते, असं विचारते आहे.